तीस टेके

सकाळी ९

हॉल अकराला उघडतो, पण टेबलांचं काम नऊला सुरू होतं. सुरतेत, अमरोलीहून कोसाडकडे येणाऱ्या रस्त्यावर खाली दुकानं आणि वर आम्ही: पूलची दोन आठ फुटी टेबलं, कोपऱ्यात एक स्नूकरचं, काउंटर, आणि भिंतीवर बिलियर्ड्सवाल्या गीत सेठींचा फोटो. हॉलचे मालक शेठ अमदावादचे, सेठीही तिथलेच, त्यामुळे फोटो सेठींचा असणार हे उघड आहे. मी खानदेशी, माझं चाललं असतं तर शेजारी विल्सन जोन्सही लावले असते. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली बिलियर्ड्समधला भारताचा पहिला जगज्जेता झाला, आणि आज इथल्या दहा पोरांना विचारलं तर दहाही विचारतील, कोण जोन्स?

मी इथला मार्कर. गुण मांडणं नावापुरतं. बॉल लावणं, बिल करणं, चॉक पुरवणं आणि भांडणं मिटवणं हे खरं काम. यातलं पहिलं नीट झालं की शेवटचं निम्म्यानं घटतं. पूलमधली बहुतेक भांडणं रॅकपाशी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला घट्ट मांडलेल्या बॉलपाशी, सुरू होतात. ब्रेक, म्हणजे तो रॅक फोडणारा पहिला फटका, फसला की मारणारा आपल्या हाताकडे कधीच बघत नाही. तो रॅककडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "काका, लूज लावला होता."

तेव्हा सकाळी सगळ्यांत आधी ब्रश. टेबलाचं कापड लोकरीचं असतं. सुरतेत रात्रंदिवस माग चालतात, साड्यांचे तागे ट्रकांनी देशभर जातात, पण ते बहुतेक सगळं कृत्रिम धाग्याचं. आमच्या टेबलाला लागणारं कापड इथल्या मागावर निघत नाही. जगात ज्या कापडाचं नाव घेतात ते सिमोनिसचं, बेल्जियममधल्या वेर्व्हिए गावचं. ते विणकर १६८० पासून लोकर विणत आलेत. आमचं त्या तोलाचं नाही. आमच्या कापडाला लव आहे, म्हणजे ते एका दिशेला मऊ लागतं आणि उलट हात फिरवला की खरखरतं. म्हणून ब्रश एकाच दिशेनं, जिथून ब्रेक मारतात त्या टोकाकडून रॅकच्या टोकाकडे. उलटा-सुलटा फिरवला की लव जागोजाग वेगळी बसते आणि बॉल ठेवल्या जागेवरून हळूच सरकतो. रॅक उचलताना शेवटच्या रांगेतला एखादा बॉल आपोआप मागे येतो ना, त्यात बहुतेकदा हात निर्दोष असतो. दोष लवेत असतो, नाहीतर लवेखाली अडकलेल्या चॉकच्या कणात.

पावसाळ्यात हे दुप्पट. तापीकाठची हवा जुलैत ओलीगच्च होते, लोकर ती ओल पिते, टेबल जड चालतं. त्या दिवसांत ब्रशच्या आधी मी तासभर पंखे लावून ठेवतो. शेठ विजेचं बिल दाखवतात. मी कापडाची किंमत सांगतो. तिथे विषय संपतो.

मग स्पॉट. रॅकचा पहिला बॉल ज्या ठिपक्यावर बसतो ती जागा म्हणजे टेबलाच्या लांबीचा बरोबर चौथा भाग, मागच्या कुशनपासून मोजून, आणि रुंदीचा मध्य. दिवसभर प्रत्येक ब्रेकचा पहिला दणका इथे बसतो. बॉल खाली दाबला जातो, कापड जळतं, पांढरे डाग पडतात आणि हळूहळू तिथे एक खळगा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाच्या टोकाला कळतो. पहिला बॉल त्या खळग्यात आपल्या मनानं बसतो. तुम्ही मागचे कितीही दाबा, रॅक उचलला की तो आपल्या जागी परततो आणि दुसऱ्या रांगेशी फट पडते. खळगा झाकायला काळी चिकटपट्टीची टिकली मिळते. तिचाही त्रास आहे. टिकलीची कड उचलली की बॉल कडेवर बसतो. मी दर सकाळी नखानं कड तपासतो. सुटली असेल तर जुनी काढून, जागा पुसून, नवी लावतो.

पावणेदहा

बॉल धुणं. कोमट पाणी, अंगाचा साबण, मऊ फडकं, बस. आमच्याकडे मदतीला असलेला पोरगा गंजामचा, ओडिशातला. अंजनी औद्योगिक वसाहतीतल्या मागांवर काम करणाऱ्या काकाच्या बोटाला धरून सुरतेला आला आणि मागाचा आवाज सहन होईना म्हणून इकडे लागला. त्यानं सुरुवातीला बॉल चकचकीत व्हावेत म्हणून गाडीचं पॉलिश चोळलं होतं. दिसले छान. पण पॉलिशनं बॉल निसरडे होतात, एकमेकांवर घसरतात, आणि रॅकमध्ये उभे राहायला मागत नाहीत. मळका बॉल उलट वागतो: दुसऱ्याला चिकटून क्षणभर ओढतो आणि सरळ जाणारा फटका वाकडा करतो. धुतलेला, कोरडा, बिनपॉलिशचा बॉल सगळ्यांत प्रामाणिक.

आता मापाचं. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे सव्वादोन इंच. नियमात सूट आहे ती वर-खाली ०.१२७ मिलिमीटरची. वजन १५६ ते १७० ग्रॅम. चांगले बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात. बेल्जियमच्या सालूक कंपनीचे अरामिथ सगळ्यांना माहीत आहेत. स्वस्तातले पॉलिएस्टरचे असतात, ते लवकर झिजतात. पण झीज हा मोठा प्रश्न नाही. सगळे सारखे झिजले तर रॅक घट्टच लागतो, फक्त किंचित लहान. अडचण होते ती संच मिसळल्यानं. कुणीतरी बारा नंबरचा बॉल खिडकीतून खाली घालवतो, शेठ कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉलमधून एक बारा नंबर आणतात, रंग जुळतो, नंबर जुळतो, आणि त्या दिवसापासून त्या टेबलावर एकही रॅक धड लागत नाही.

आमच्याकडे हे झालं तेव्हा मला माप घ्यायची सोय नव्हती. पण कोसाड-अमरोली-कतारगाम हा सगळा पट्टा हिऱ्यांच्या कारखान्यांचा. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चक्रावर, बसणाऱ्या एका गिऱ्हाईक पोरानं खिशातून डिजिटल व्हर्नियर काढला आणि काउंटरवर सोळाच्या सोळा बॉल मोजले. ज्यांचा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जातो त्यांना आमचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. तो परका बारा नंबर बाकीच्यांपेक्षा मोठा निघाला. पांढरा क्यू बॉल सगळ्यांत लहान. त्याला प्रत्येक फटका बसतो, त्यामुळे ते अपेक्षितच होतं.

मोठा बॉल लहानापेक्षा वाईट का, हे मला त्या दिवशी उमगलं. एका बॉलभोवती त्याच मापाचे बरोबर सहा बॉल बसतात, सहाही मधल्याला आणि शेजाऱ्याला टेकून. मधला जरा लहान असला तर बाहेरचे सहा एकमेकांना टेकलेलेच राहतात, मधला तेवढा सैल. मधला जरा मोठा असला की तो सहाही जणांना ढकलतो आणि कडं फुटतं. एट बॉलच्या रॅकमध्ये मधोमध आठ नंबर असतो. हा बॉल डावात सगळ्यांत शेवटी मारायचा, म्हणून भावंडांपेक्षा कमी झिजत असावा असा माझा अंदाज आहे. जुन्या संचातले रॅक मध्यातूनच उसवतात, त्याचं कारण मी तिथे शोधतो.

साडेदहा

टेबलाची पातळी. स्पिरिट लेव्हल आडवी, मग उभी, मग रॅकच्या जागेवर कर्णरेषेत. खाली रस्त्यावरून डंपर गेले की आमच्या मजल्याला ते कळतं. पायाखालची पातळ पत्र्याची पट्टी महिन्याकाठी सरकवावी लागते. लेव्हलवर विश्वास आहे, तरी मी एक बॉल अगदी हळू सोडून बघतो. शेवटच्या वितीत तो कुठे वळतो ते पाहायचं. यात फार सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं काम आहे, आणि रोज करावं लागतं.

साडेअकरा

कॉलेजची पोरं. बॅगा कोपऱ्यात, मोबाइल चार्जिंगला, "काका, एक नंबर टेबल." ही सगळी एट बॉल खेळतात. हारेल तो टेबलाचे पैसे देईल, हा इथला अलिखित कायदा. त्यामुळे ब्रेक कुणाचा आणि रॅक कसा, याला किंमत आहे.

एट बॉलची मांडणी सोपी. पहिला बॉल स्पॉटवर, आठ नंबर तिसऱ्या रांगेच्या मधोमध, मागच्या दोन कोपऱ्यांत एक भरीव रंगाचा आणि एक पट्ट्याचा. बाकीचे जसे हाताला लागतील तसे. 'हाताला लागतील तसे' यावर मी ठाम असतो. पोरांना एक भरीव, एक पट्ट्याचा, असं रांगोळीसारखं लावायला आवडतं. दिसायला सुरेख, पण मांडणी ओळखीची झाली की ब्रेकनंतर कोणता बॉल कुठे जाणार याचा अंदाज लागायला लागतो. मी ट्रेमधून न बघता उचलतो.

आता हात. लाकडी त्रिकोण आतून बॉलपेक्षा थोडा ऐसपैस असतो, त्यामुळे नुसता उचलला तर बॉल सुटेच राहतात. त्रिकोण बॉलसकट स्पॉटच्या किंचित पुढे न्यायचा, मग मागे आणून थांबवायचा, म्हणजे पहिला बॉल स्पॉटवर येतो. दोन्ही हातांची बोटं शेवटच्या रांगेमागे. अंगठे त्रिकोणाच्या लाकडावर. बोटांनी पुढे दाब, अंगठ्यांनी लाकूड धरून ठेवायचं, आणि क्षणभर थांबायचं. थांबणं महत्त्वाचं. दाब देऊन लगेच सोडला तर बॉल परत ढिले होतात. मग बोटं एकदम न काढता सावकाश सैल करायची, लाकूड केसभर पुढे सरकवायचं म्हणजे ते कुठल्याही बॉलला टेकलेलं राहत नाही, आणि सरळ वर उचलायचं. तिरकं उचललं की मागचं लाकूड कोपऱ्यातल्या बॉलला चाटून जातं.

उचलल्यावर एकदा वरून, एकदा पुढून वाकून बघायचं. पुढून बघताना मागे मोबाइलचा टॉर्च धरला की फट असेल तिथून उजेड येतो. ही युक्ती पोरांनी मला दाखवली. आता तेच टॉर्च घेऊन माझ्या रॅकवर येतात. करू देत.

गंजामच्या पोराला एक सवय आहे: फट दिसली की दुसऱ्या बॉलनं वरून ठोकून बसवतो. ठक, ठक. बसतो बॉल, खरं आहे. पण प्रत्येक ठोक्यानं कापडात खड्डा पडतो, आणि खड्डा पुढच्या रॅकला हवा तिथेच असेल याची खात्री नाही. पुढचा रॅक दोन मिलिमीटर इकडे बसला की जुना खड्डा बॉलला आपल्याकडे ओढतो. जागतिक नियमांचा सल्लाही असाच आहे की ठोकाठोकीपेक्षा जागा नीट ब्रश करावी. युरोपात मात्र हेच काम ठरवून करतात: नवं कापड ताणलं की साचा ठेवून प्रत्येक बॉलची जागा एकदाच मोजून ठोकतात, मग बॉल तिथेच येऊन बसतो आणि त्रिकोणही लागत नाही. शहाण्यानं ठोकलं तर साचा, अधीर माणसानं ठोकलं तर खाचखळगे. आमचा पोरगा अजून दुसऱ्या गटात आहे.

दुपारी दीड

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. शेठ खाली लोचो खायला जातात आणि येताना माझ्यासाठी मिरच्या आणतात. समोर अहिराणी बोलणारा रिक्षावाला थांबतो, "काय करी राहिना भो?" एवढं विचारतो, उत्तराची वाट न बघता निघून जातो.

अडीच

हॉल रिकामा. या तासात मी पोराला शिकवतो, आणि मला सुचतं ते मोजतो.

पंधरा बॉलच्या त्रिकोणात एकमेकांना टेकायच्या जागा किती, हे मी त्याला विचारलं. त्यानं पंधरा सांगितलं, मग वीस. बोट ठेवून मोजले तर तीस निघतात. रांगेतल्या शेजाऱ्यांचे दहा, आणि दर दोन रांगांमधले मिळून वीस. तीसही टेके पक्के असतील तर रॅक घट्ट. त्यातला एखादा सुटला तर खेळणाऱ्याला कळतही नाही. पुढचे दोन सुटले तर ब्रेकचा आवाजच बदलतो. घट्ट रॅकचा आवाज एक. सैल रॅकचा आवाज तुटक येतो, जणू दोनदा मारलं. मी बिल करताना पाठमोरा असलो तरी ऐकून सांगतो.

नाइन बॉलमध्ये नऊच बॉल, चौकटच्या आकारात, एक-दोन-तीन-दोन-एक. तिथे टेके सोळा. कमी आहेत म्हणून सोपं असेल असं वाटतं, पण नाही. त्रिकोणात मागची सरळ रांग पाच जणांची असते, तिला दाब देता येतो. चौकटच्या मागच्या टोकाला एकच बॉल. तोच सगळ्यांना पुढे दाबणार, आणि त्याला धरायला एक बोट.

पंधरा बॉलचा त्रिकोण आपल्याकडे पूलच्या कितीतरी आधीपासून आहे. ब्रिटिश छावण्यांत पिरॅमिड नावाचा खेळ चाले, पंधरा लाल बॉलचा. १८७५ साली जबलपूरला नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्यानं त्यात रंगीत बॉल मिसळले आणि स्नूकर झाला. म्हणजे पावसात कंटाळलेल्या साहेबांसाठी त्रिकोण लावणारा कुणीतरी मार्कर जबलपूरच्या मेसमध्येही असणारच. चेंबरलेनचं नाव राहिलं. त्या मार्करचं कुणी लिहून ठेवलं नाही. असो.

चार

रात्रपाळीचे मागवाले उठून, अंघोळ करून येतात. त्यांची पाळी सातला. दोन-तीन डाव, पटापट, हसत. हे लोक रॅक तपासत नाहीत. बारा तास मागापुढे उभं राहायचं असताना फटीकडे कोण बघतो? मी मात्र त्यांचा रॅक इतरांपेक्षा जास्त जपून लावतो. तक्रार न करणाऱ्याला सैल रॅक मिळणं ही मार्करची सगळ्यांत सोपी चोरी असते.

साडेसहा

हिऱ्याचे कारखाने सुटले की दोन नंबरचं टेबल भरतं. ही मंडळी नाइन बॉलवाली. हात स्थिर, नजर बारीक, आणि वादाची हौस मोठी. इथे माझी खरी परीक्षा असते.

नाइन बॉलमध्ये एक नंबर स्पॉटवर, नऊ नंबर मध्यात, बाकी कसेही. सोळाही टेके पक्के असले की मधल्या रांगेतल्या टोकाच्या बॉलला, ज्याला खेळणारे विंग बॉल म्हणतात, एक ठरलेली वाट मिळते. पुढचा बॉल त्याला मागे-बाहेर ढकलतो, मागचा अडवून आणखी बाहेर काढतो, आणि या दोन्हींच्या मधून तो कोपऱ्यातल्या पॉकेटकडे निघतो. दर वेळी. म्हणजे रॅक जितका घट्ट, तितका ब्रेक मारणाऱ्याला एक बॉल फुकट. जोर लागत नाही, नशीब लागत नाही.

हे अमेरिकेत साऱ्या जगासमोर घडलंय. तिथे सार्डो नावाचं एक यंत्रवजा रॅक आलं, वरून दाबून बॉल अगदी घट्ट बसवणारं. सगळे खूश: आता लूज रॅकची कटकट मिटली. मग २००१ च्या पूलच्या यूएस ओपनमध्ये कोरी ड्यूएल नावाच्या खेळाडूनं ब्रेक हळू मारायला सुरुवात केली. जिथे सगळे जीव खाऊन हाणत होते तिथे हा नुसता ढकलायचा. विंग बॉल पॉकेटमध्ये, बाकीचे बॉल मोकळे, पांढरा ताब्यात. अंतिम सामना त्यानं मिका इमोनेनविरुद्ध ११-० असा जिंकला. लोक चिडले. पण त्यानं कुठलाही नियम मोडला नव्हता. सगळ्यांनी घट्टपणा मागितला होता, तो मिळाला होता, आणि त्यानं तो नीट वाचला होता.

हिरेवाल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा निम्मे ड्यूएलच्या बाजूचे असतात. मीही आहे. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. घट्ट रॅक ही बॉल, कापड, स्पॉट आणि हात यांची गोष्ट आहे. ती मी सकाळी नऊपासून करत असतो. रॅक बरोबर आहे की नाही ही माणसांची गोष्ट आहे, आणि ती ब्रेकच्या आधी ठरवावी लागते. घट्ट असूनही डाव एकाच बाजूला झुकू शकतो. आणि दोघांनाही सारखाच सैल मिळाला तर, माझ्या मते, कुणाचं काही बिघडत नाही.

डाव असा झुकू नये म्हणूनच मॅचरूम या ब्रिटिश कंपनीनं आपल्या स्पर्धांत नऊ नंबर स्पॉटवर आणून रॅक तेवढा पुढे सरकवला. त्यामुळे विंग बॉलची वाट पॉकेट चुकवते. शिवाय ब्रेक कुठून मारायचा त्याची चौकट आखली, आणि रॅक लावायला रेफरी उभा केला. रॅक तेवढाच घट्ट, फक्त त्याची फुकट देणगी काढून घेतली.

आठ

गर्दी. दोन्ही टेबलं, स्नूकरवर तिघं, बाकावर सहा-सात जण थांबलेले. या तासाभरात मी विचार करत नाही, हात करतात. चहा गार होतो.

सव्वानऊ

दोन नंबरवर वाद पेटला. एकानं ब्रेक मारला, काहीच पडलं नाही. तो म्हणाला, "भाई, पाछळनो बॉल अडतो न होतो," म्हणजे मागचा बॉल टेकलेलाच नव्हता. समोरचा म्हणाला, रॅक मार्करनं लावला, मला काय सांगतोस. पहिल्याचं म्हणणं, यापुढे आपला आपण लावायचा.

रॅक कुणी लावायचा याच्या तिन्ही पद्धती मी पाहिल्यात. प्रतिस्पर्ध्यानं लावायचा तर तो पहिल्या बॉलमागे केसभर फट ठेवतो, आणि तुमच्या ब्रेकचा दम तिथेच निघून जातो. अशा हातांना इथे 'कारागीर' म्हणतात; कौतुकानं नाही. आपला आपण लावायचा तर माणूस पाच मिनिटं टेबलावर ओणवा राहतो: बॉल फिरवतो, जागा बदलतो, विंगला हवा तसा कोन देतो, आणि बाकावरचे जांभया देतात. तिसऱ्यानं लावायचा तर तिसरा माणूस हवा, त्याला पगार हवा, आणि त्याच्या वाट्याला दोन्हीकडच्या शिव्या. हा तिसरा मी.

चौथी वाट एका पोरानं ऑनलाइन मागवली आहे: पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद, त्यात भोकं कापलेली. कागद टेबलावर पसरायचा, बॉल भोकांत ठेवायचे, ते आपोआप एकमेकांकडे ओढले जातात. त्रिकोण नको, दाब नको, हात नको. ब्रेक झाल्यावर कागद काढून घ्यायचा. मी ते वापरून पाहिलं आणि कबूल करतो की रॅक माझ्यापेक्षा घट्ट लागतो. पण त्याच्याही गोष्टी आहेत. ब्रेकनंतर कागदावरच एखादा बॉल थांबला तर तो हलवल्याशिवाय कागद निघत नाही. हळू येणारा बॉल कागदाच्या कडेवर वळतो. रोज त्याच जागी बॉल बसल्यानं कापडात तेच खड्डे पडतात. आणि इतका घट्ट रॅक म्हणजे विंग बॉल पुन्हा फुकट, ड्यूएलपासून परत सुरुवात.

शेठनं विचारलं, "तो पछी मार्करनी जरूर नथी ने?" हसत विचारलं, पण विचारलं. मी म्हटलं, शेठ, कागद रॅक लावेल, पण समोरचा म्हणाला कागद सरकवला होता, तर कोण सांगणार? शेठ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पंखा कमी करायला उठले.

दोघांना मी जे सांगितलं ते मी रोजच सांगतो. रॅक मार्कर लावेल. ब्रेक मारणाऱ्यानं मारण्याआधी एकदा बघायचं, हात न लावता. फट दिसली तर बोट दाखवायचं, मी परत लावीन. क्यू उचलल्यावर तक्रार संपली. मारून झाल्यावर कुणाचंही तोंड उघडलं तर टेबलाचं भाडं दुप्पट. हा शेवटचा नियम माझा नाही, शेठचा. पण सगळ्यांत जास्त तोच चालतो.

साडेअकरा

शेवटची गिऱ्हाइकं निघाली. बॉल ट्रेमध्ये, कापडावर चादर, चॉक मोजून डब्यात. चॉक खिशातून घरी जाण्याचं प्रमाण काळजी करण्यासारखं आहे.

रविवारी हिरेवाले आणि कॉलेजवाले यांच्यात नाइन बॉलचा सामना ठरलाय. कागदाच्या साच्यावर एकमत होईना, त्रिकोणावरही होईना. शेवटी दोन्हीकडच्या एकेकाला समोर बसवलं आणि काउंटरमागच्या पाटीवर लिहून घेतलं:

नऊ नंबर स्पॉटवर. त्रिकोण लाकडी. रॅक मार्कर लावणार. बॉल न बघता उचलणार. तपासणी एकदा, हात न लावता. ठोकाठोक नाही. ब्रेक आलटून-पालटून.

दोघांनी खाली नावं घातली. शेठनी चष्मा लावून सगळं वाचलं, खडू घेतला आणि शेवटी आपली एक ओळ जोडली: उधारी बंद.